निर्वासिताला दवाखान्यात कोणता कागद लागतो?

फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर निगेटिव्ह असल्याचा दाखला सक्तीचा केला आणि निपाणीजवळचा कोगनोळी नाका बेळगाव जिल्ह्यात घरोघरी माहीत झाला. त्याआधी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सेवा सिंधू पोर्टलवरचा पास लागत होता. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचे लोक वर्षानुवर्षे कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांकडे जातात. चंदगड तालुक्यातले लोक शिनोळीवरून बेळगावला येतात. बाजार इथला, दवाखानाही इथलाच. या सगळ्यांची मधल्या मध्ये कुचंबणा झाली. हातात आधार होते, मतदार ओळखपत्र होते, तरी नाक्यावर विचारलेला नेमका कागद नसला की गाडी माघारी वळवावी लागे.

हे सगळे भारताचे नागरिक होते. ज्याच्याकडे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही, त्याचे अशा वेळी काय होत असेल?

हा प्रश्न आता काढण्याचे कारण आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात परदेशी व्यक्तींसंबंधी नवा कायदा लागू झाला आहे, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५. घुसखोरी, व्हिसा, हद्दपारी यांवर वाहिन्यांवर बरीच चर्चा झाली. पण या कायद्यात रुग्णालयांविषयीही एक कलम आहे, आणि पुढची साथ आली की त्याचे परिणाम आपल्या भागातही जाणवतील. ते समजून घ्यायचे तर सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

निर्वासित नेमके कोणाला म्हणायचे?

आपण बोलताना बाहेरून आलेल्या सगळ्यांना एकाच टोपलीत घालतो. कायद्याच्या नजरेत ही माणसे वेगवेगळी आहेत.

हिडकल धरणात ज्यांची गावे गेली ते विस्थापित. घर गेले, पण देश तोच राहिला, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न आला नाही. बीड जिल्ह्यातून आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर येणारे ऊसतोड मजूर हे स्थलांतरित. ते पोटासाठी येतात आणि हंगाम संपला की परत जातात. नेपाळचा वॉचमन परदेशी खरा, पण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही.

निर्वासित याहून वेगळा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या समाजगटाचा असणे किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी आपल्या देशात जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, म्हणून जो सीमा ओलांडून आला आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारातली. ‘मी निर्वासित आहे, मला आसरा द्या’ असा ज्याचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही, त्याला आश्रयार्थी म्हणतात. एवढे शब्द पुरेत.

परत जाता येत नाही, ही यातली कळीची गोष्ट. साथ आली तेव्हा ऊसतोड मजुराला निदान ‘गावी जाऊ द्या’ असे म्हणता येत होते. निर्वासिताला तेही म्हणता येत नाही.

आपल्या आसपास निर्वासित आहेत का?

आहेत, आणि साठ वर्षांपासून आहेत. हिवाळा लागला की बेळगाव, कोल्हापूर, हुबळी अशा शहरांत स्वेटर, मफलर, जॅकेटची दुकाने मांडून बसणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माल बहुतेक लुधियानाचा असतो, आणि विकणाऱ्यांतली बरीच मंडळी कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतींतून येतात.

त्यांतली आपल्याला सर्वांत जवळची मुंडगोडची. कारवार, हल्याळ, सुपा ही नावे सीमाप्रश्नामुळे आपल्या तोंडी आहेत. त्याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, हुबळीपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत मुंडगोड आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले. त्या वेळच्या म्हैसूर राज्याने वसाहतींसाठी जमीन दिली. म्हैसूरजवळचे बैलकुप्पे आधी वसले आणि १९६६ मध्ये मुंडगोडची वसाहत सुरू झाली. आजूबाजूचे लोक तिला ‘तिबेटियन कॅम्प’च म्हणतात आणि आतल्या वाड्यांना कॅम्प नंबर अमुक, कॅम्प नंबर तमुक. ल्हासाजवळचे द्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ इथेच नव्याने उभे राहिले. मक्याची शेती आहे, शाळा आहेत, वसाहतीचे स्वतःचे रुग्णालय आहे. आजार हाताबाहेर गेला की रुग्णाला हुबळीला न्यावे लागते, तिथे नाही भागले तर बेळगाव किंवा आणखी पुढे.

देशाचा विचार केला तर सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांच्याकडे नोंद असलेले निर्वासित दोन लाखांच्या वर आहेत. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांना सरकार स्वतः नोंदवते. म्यानमारचे रोहिंग्या, अफगाण वगैरेंची नोंद संयुक्त राष्ट्रांची संस्था करते आणि त्यांना कार्ड देते. दोन्ही कागदांच्या वजनात मोठा फरक आहे. तो पुढे येईलच.

निर्वासितांसाठी कायदाच नाही, ते कसे?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या त्याच्या पुरवणी करारावरही नाही. देशाचा स्वतःचा निर्वासित कायदाही नाही. शशी थरूर यांनी यासाठी लोकसभेत खासगी विधेयके मांडली, ती कायद्यापर्यंत पोहोचली नाहीत. त्यामुळे आपल्या कायद्याला दोनच प्रकारची माणसे दिसतात, नागरिक आणि परदेशी. जीव वाचवायला पळून आलेला आणि पर्यटक व्हिसा संपल्यावरही इथेच राहिलेला, हे दोघे कायद्याच्या एकाच रकान्यात बसतात.

मग तिबेटी इतकी वर्षे कसे राहिले? सरकारी आदेशांवर. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र मिळते. बोलताना सगळे त्याला ‘आरसी’ म्हणतात. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि ही नोंदणी बहुतेक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. नव्या कायद्यासोबत केंद्राने जो सूट देणारा आदेश काढला, त्यात अटींत बसणाऱ्या नोंदणीकृत तिबेटींना आणि ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याच्या कारवाईतून वगळले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ती सूट आहे, हक्क नव्हे. आदेशाने आलेली गोष्ट आदेशाने जाऊ शकते.

आपल्याकडे शेतीवाडी माहीत असलेल्याला हे कुळाच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा एकजण बापाच्या काळापासून दुसऱ्याची जमीन कसतो आहे. मालक भला आहे, कधी ‘ऊठ’ म्हणालेला नाही. पण उताऱ्यावर कसणाऱ्याचे नाव नाही. एरवी काही अडत नाही, पेरणी होते, सुगी होते. अडते ते २०१९ सारखा महापूर आल्यावर. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा फुगतात, पीक कुजते, पंचनामा होतो आणि भरपाई उतारा बघून दिली जाते. राबणारा आणि बुडणारा एक, खात्यात पैसे येतात दुसऱ्याच्या. भारतातला निर्वासित हा असा उताऱ्यावर नाव न लागलेला माणूस आहे. साथीचा रोग हा त्याचा महापूर.

नागरिकत्वाची गुंतागुंत तर आणखी निराळी. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक, असे नागरिकत्व कायदा सांगतो. तिबेटींनाही हे लागू होते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे तिबेटमधून आलेल्या एकाच आईबापांची मुंडगोडमध्ये १९८५ साली झालेली मुलगी भारतीय नागरिक ठरू शकते आणि १९९० साली झालेला तिचा धाकटा भाऊ परदेशी. घर एक, चूल एक, ताप आला तर दोघांनाही येणार. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरती आहे. तिबेटी किंवा श्रीलंकन तमिळ तिच्यात येत नाहीत.

मग उपचाराचा हक्क कुठून येतो?

संविधानातून. संविधानातले काही हक्क फक्त नागरिकांना आहेत. भाषणस्वातंत्र्य, देशात कुठेही राहण्याची मुभा वगैरे अनुच्छेद १९ मधले हक्क त्यांत येतात. काही हक्क मात्र ‘व्यक्ती’ला आहेत. अनुच्छेद १४ मधली कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद २१ मधला जीविताचा हक्क हे त्यांपैकी. संविधानकर्त्यांनी हा फरक जाणूनबुजून ठेवला आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो पाळला आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे.

जीविताचा हक्क म्हटला की उपचार आलेच. कोणताही डॉक्टर, सरकारी असो की खासगी, त्याने अत्यवस्थ रुग्णाला आधी वाचवावे, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले. त्यानंतर १९९६ मध्ये पश्चिम बंगालचा खटला झाला. रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले होते. तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असा निकाल लागला. तो मजूर नागरिक होता, पण ज्या अनुच्छेदाच्या बळावर निकाल लागला तो प्रत्येक व्यक्तीसाठी आहे.

साथीच्या काळातले उदाहरण तर आपल्याच राज्यातले आहे. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळकडचे रस्ते बंद केले, काही ठिकाणी मातीचे ढीग टाकून. कासरगोडचे लोक उपचारांना मंगळूरला जातात, जसे आपण मिरजेला. रुग्णवाहिका अडल्या, रुग्ण दगावले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि उपचारांसाठी जाणाऱ्यांना अडवणे हा जीविताच्या हक्कावर घाला आहे, असे म्हणत न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी राष्ट्रीय महामार्गांवरचे अडथळे काढण्याचा आदेश दिला. राज्याची हद्द उपचाराच्या आड येऊ शकत नाही, हे तिथे ठरले. नागरिकत्वाची हद्द आड येऊ शकते का, याचे उत्तरही त्याच अनुच्छेदात आहे.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. ८ एप्रिल २०२१ रोजी, साथीची दुसरी लाट वर चढत असताना, जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अनुच्छेद १४ आणि २१ सर्वांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो नागरिकांचाच आहे. म्हणजे इथे असेपर्यंत जिवाचे रक्षण मिळेल, पण इथे राहू देण्याची हमी नाही. दवाखान्याच्या पायरीवर माणूस का थबकतो, ते यातून कळते.

हक्क कागदावर, आणि पुन्हा कागदावरच अडतो

तातडीचे उपचार हा हक्क. पण महिनोन्महिने चालणारे औषध, मोफत शस्त्रक्रिया, विमा, लस या गोष्टी योजनांमधून येतात. योजना आली की पात्रता आली, आणि पात्रता आली की कागद आला.

सीमाभागाला हे वेगळे सांगायला नको. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने तीव्र आक्षेप घेतला. खानापूरच्या शेतकऱ्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेवरून दोन सरकारे भांडतात, निदान त्याला आपले म्हणायला दोघेही तयार आहेत. कर्नाटकच्या आरोग्य योजनेत रेशन कार्डावर सगळे ठरते. बीपीएल कार्ड असेल तर वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, नसेल तर सरकार खर्चाचा काही भागच उचलते. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात रेशन, ग्रामीण आरोग्य अभियान अशा योजनांचा लाभ तिबेटींना द्यावा असे म्हटले आहे. पण ते धोरण आहे आणि ते प्रत्यक्षात आणणे राज्यांवर सोपवलेले आहे.

लसीकरणाचे बघा. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली आणि कोविनवर नोंदणीसाठी सात ओळखपत्रे ठरली. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, पेन्शनचे कागद आणि लोकसंख्या नोंदवहीचे स्मार्ट कार्ड. तिबेटींची आरसी यात नव्हती, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्डही नव्हते. वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेल्या रहिवाशाला आधार मिळू शकते, त्यासाठी नागरिक असावे लागत नाही. त्यामुळे आधार असलेल्या तिबेटींचे काम अडले नाही. दलाई लामांनी ६ मार्च २०२१ ला धर्मशाळेच्या सरकारी रुग्णालयात जाऊन लस घेतली, त्यानेही समाजात धीर आला. अडले ते ज्यांच्याकडे आधार नव्हते ते, मग निर्वासित असोत, भटक्या जमातींचे लोक असोत की रस्त्यावर झोपणारे.

सरकारने पुढे वाट काढली हेही सांगितले पाहिजे. ओळखपत्र नसलेल्यांसाठी २०२१ च्या उन्हाळ्यात वेगळी पद्धत ठरवली. भटके, तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातले लोक, भिकारी अशांना जिल्हा प्रशासनाने शोधायचे आणि एका जबाबदार माणसाच्या ओळखीवर लस द्यायची. ऑगस्टमध्ये भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्टवर नोंदणी करू दिली. निर्वासिताकडे पासपोर्ट कुठून असणार, पण निदान नागरिकत्वाची भिंत तरी बाजूला झाली. जानेवारीत जे सुचायला हवे होते ते सुचायला एप्रिल-मे उजाडला, आणि त्या दोन महिन्यांत काय झाले ते आपण सगळ्यांनी सोसले आहे.

रुग्णालयाने पोलिसांना कळवायचे?

आता त्या कलमाकडे येऊ. नव्या कायद्यानुसार दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, नर्सिंग होमने दाखल झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आहे. रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाची राहण्याची सोय केली असेल तर त्याचीही. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्याने कळवावे, ही जबाबदारी जुन्या नियमांतही होती. आता रुग्णालयांचा उल्लेख थेट कायद्याच्या कलमात आला आहे. बाह्यरुग्ण विभागात तपासून औषध घेऊन जाणाऱ्याला हे कलम लागू होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

व्यवहारात याचा अर्थ काय? मुंडगोडची आरसी असलेली एखादी स्वेटरवाली बाई बेळगावात आजारी पडून दाखल झाली, तर माहिती जाईल, तिची नोंद सापडेल आणि विषय संपेल. पण आरसीची मुदत संपलेली असेल तर? घाईगडबडीत, लॉकडाऊनमध्ये, नूतनीकरणाला जाताच आले नसेल तर? किंवा तो संयुक्त राष्ट्रांचे कार्ड असलेला, सरकारी नोंद नसलेला माणूस असेल तर? तो विचार करील की ताप अंगावर काढावा. तापात चार दिवस खोलीवर पडून राहील, त्याच खोलीत आणखी पाचजण असतील.

आजार लपवण्यामागे भीती असते आणि ही भीती आपल्या मुलखाला नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये, ज्या वर्षी साथरोग कायदा आला त्याच वर्षी, पुण्यात सैनिक घरोघरी शिरून रोगी शोधू लागले. लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवले. रोग थांबायचे सोडून पसरला. कोविडमध्येही शिक्का मारलेला हात आणि दारावरचा कागद चुकवायला कितीतरी जणांनी चाचणी टाळली, आणि त्यांत आपल्या ओळखीपाळखीचेही होते.

क्षयरोगाचे उदाहरण मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ती मंद चालणारी साथच आहे आणि तिबेटी वसाहतींत हा रोग फार जुना आणि मोठा प्रश्न आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणसाला बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. अर्धवट मारलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतात, महागतात आणि तो औषधाला न जुमानणारा क्षय दुसऱ्यालाही होतो. आता स्वेटर विकणाऱ्याचे वर्ष बघा. दिवाळीच्या आसपास माणूस वसाहत सोडतो आणि थंडी संपेपर्यंत परक्या शहरात असतो. गोळ्यांचा मधला हप्ता त्याला त्या शहराच्या सरकारी दवाखान्यातच घ्यावा लागणार. निक्षय या सरकारी नोंद यंत्रणेत रुग्ण एका गावाहून दुसऱ्या गावी वर्ग करता येतो, ही सोय फार मोलाची आहे. पण ती चालायची तर त्या माणसाने परक्या शहरात दवाखान्याची पायरी चढली पाहिजे. कोविडच्या पहिल्या वर्षी देशात क्षयरुग्णांची नोंद सुमारे २४ लाखांवरून १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, लोक दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते. नागरिकांची ही गत, तर ज्याला पोलिसांचीही धास्ती आहे त्याचे काय झाले असेल?

‘आपल्याच लोकांना खाट मिळत नव्हती!’

हा आक्षेप मनापासून येतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी ऑक्सिजनसाठी बेळगाव, कोल्हापूर, हुबळी पालथी घातली, त्यांना निर्वासितांचे हक्क ऐकवणे सोपे नाही. पण त्या खाटा निर्वासितांनी भरल्या नव्हत्या. १४० कोटींच्या देशात नोंदलेले दोन-अडीच लाख निर्वासित म्हणजे सहा-सात हजारांत एक. खाटा अपुऱ्या होत्या कारण आरोग्यावर आपण वर्षानुवर्षे कमी खर्च केला, आणि त्याचा फटका आपल्याला आणि त्यांना सारखाच बसला.

दुसरे असे की संसर्गाच्या रोगात एकावर केलेला उपचार त्याच्यापुरता राहत नाही. सिंगापूरने पहिली लाट चांगली आवरली होती. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या परदेशी कामगारांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांत रोग शिरला आणि देशातले बहुसंख्य रुग्ण तिथलेच निघाले. ते निर्वासित नव्हते, कामगार होते, पण नजरेआड ठेवलेल्या माणसांचे काय होते ते तिथे दिसले.

आणि हो, हे लोकही कर भरतात. बेळगावात खोलीचे भाडे देतात, तांदूळ-तेल घेतात, मालावर जीएसटी देतात.

‘चांगले उपचार मिळाले तर आणखी लोंढे येतील’

घरदार, शेत, आईबाप सोडून कोणी लसीसाठी हिमालय ओलांडत नाही. पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये, अर्ज प्रलंबित असलेल्या सगळ्या स्थलांतरितांना आणि आश्रयार्थींना तात्पुरते रहिवासी मानले, म्हणजे त्यांना सरकारी आरोग्यसेवा मिळावी. जॉर्डनने जानेवारी २०२१ मध्ये देशाच्या मोहिमेतच निर्वासितांना लस द्यायला सुरुवात केली. बांगलादेशाने, जो आपल्यासारखाच १९५१ च्या करारात नाही, ऑगस्ट २०२१ मध्ये कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत लसीकरण सुरू केले. या तिघांनीही आपल्या नागरिकांची लस बंद केली नव्हती.

‘देशाच्या सुरक्षेचे काय?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. कोण देशात आहे हे सरकारला माहीत असलेच पाहिजे, आणि सीमेवर राहणाऱ्या माणसाला नोंदींचे महत्त्व जास्तच कळते. पण नोंद ठेवायची जागा दवाखाना असावी का, हा खरा मुद्दा आहे. ज्याला खरोखर लपायचे आहे तो सरकारी रुग्णालयात दाखल होऊन नाव सांगणार नाही. या कलमाच्या भीतीने उपचार टळतील ते कागद थोडे उणे असलेल्या, एरवी निरुपद्रवी माणसाचे. म्हणजे सुरक्षेला फायदा थोडा आणि साथीला मोकळे रान.

शिवाय भारताने १९५१ चा करार केला नसला तरी आर्थिक, सामाजिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये आणि बालहक्कांचा करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. पहिल्यात प्रत्येकाच्या आरोग्याचा हक्क आहे, दुसऱ्यात प्रत्येक मुलाचा. मुंडगोडच्या मठात शिकणारा दहा वर्षांचा पोर हाही त्यात आला.

करता येण्यासारखे काय?

निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा झाला तर उत्तमच, आणि तो व्हावा असे माझे ठाम मत आहे. पण तो होईपर्यंत साथ थांबणार नाही. तेव्हा लहान, लगेच करता येतील अशा गोष्टी बघू.

राज्याच्या आरोग्य खात्याला एका परिपत्रकाने स्पष्ट करता येईल की क्षय, लसीकरण, बाळंतपण आणि साथीचा कोणताही आजार यांसाठी आरसी आणि निर्वासित कार्ड ही ओळख म्हणून चालतील, आणि तीही नसतील तर २०२१ सारखी ओळखीच्या माणसाची पद्धत वापरावी. ती पद्धत तयार आहे, एकदा वापरून झाली आहे. आशा कार्यकर्त्यांच्या सर्वेक्षणात हंगामी विक्रेत्यांच्या खोल्याही याव्यात. शहरात दुकाने मांडायला परवानगी देताना पालिका त्यांची नावे घेतेच, त्याच वेळी जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता आणि क्षयाच्या औषधांची सोय सांगायला पाच मिनिटे लागतात. खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकानेही भाडेकरू खोकतोय म्हणून खोली खाली करायला सांगण्याऐवजी त्याला दवाखान्यात धाडावे.

रुग्णालयांच्या कलमाचा प्रश्न मात्र केंद्राच्या हातात आहे. नव्या कायद्यात केंद्राला आदेश काढून सूट देण्याचा अधिकार आहे, तिबेटींना आणि तमिळांना दिलेली सूट त्याच अधिकारातली. साथ जाहीर झालेली असताना दाखल होणाऱ्या रुग्णाची माहिती फक्त आरोग्य खात्याकडे राहील, तिच्यावरून नोंदणीची किंवा हद्दपारीची कारवाई होणार नाही, असा आदेशही त्याच अधिकारात निघू शकतो. तो साथ ऐन भरात असताना काढून उपयोग नाही, तोवर लोकांनी आजार लपवलेला असेल. आधीच काढून, तिबेटी, कन्नड आणि मराठीत छापून, वसाहतीच्या रुग्णालयात, हुबळी-बेळगावच्या सरकारी रुग्णालयांत आणि स्वेटरची दुकाने लागतात त्या मैदानांवर तो लावायला हवा.